घोडा आधी पुढून उठतो

दाजी : तरी मी सांगतोय बाई, आमच्या मरण्याला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. आम्ही मेलो की पहिल्या रांगेत रुमाल निघतात!

डॉक्टर : मरता छानच. मघाशी मलासुद्धा वाईट वाटलं. मी उठण्याबद्दल बोलतेय.

मेव्हणा : बाई, काय ते लवकर बोला. मी इथे कमरेत वाकून पडलोय आणि दाजींनी दुपारी कच्चा कांदा खाल्लाय.

दाजी : तू गप रे, शेपूट. मोठी माणसं बोलतायत.

(नाटकमंडळीची तालमीची खोली. चटईवर एक कापडी घोडा आडवा पडलाय. पुढच्या पायांत आणि डोक्यात दाजी, मागच्या पायांत त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. समोर खुर्चीवर जनावरांच्या डॉक्टर, मांडीवर खडूचा डबा.)

डॉक्टर : बरं, उठा बघू. रोज उठता तसेच.

दाजी : चल रे. एक, दोन, आणि... हं! घ्या! उठला घोडा!

डॉक्टर : गाय.

दाजी : काय?

डॉक्टर : गाय उठली. आधी मागचा भाग वर, पुढचे गुडघे जमिनीला टेकलेले, मग जरा विचार केल्यासारखं थांबायचं, मग पुढून वर. गाय अशी उठते, म्हैस अशी उठते. घोडा उभ्या जन्मात असा उठत नाही.

मेव्हणा : म्हणजे गवळी बरोबर बोलला.

दाजी : त्या गवळ्याचं नाव काढू नकोस माझ्यापुढे!

डॉक्टर : कोण गवळी?

मेव्हणा : तुम्हाला सांगितलं नाही मॅनेजरनं? अहो, परवाच्या खेळाला तिसऱ्या रांगेत एक गवळी बसला होता. शेवटचा प्रवेश. घोडा मेलाय, राजकुमारी त्याच्या गळ्यात पडून रडतेय, सगळं थिएटर चिडीचूप. तिच्या रडण्यानं घोडा जिवंत होतो आणि उठतो. आणि तेवढ्यात हा बाबा मोठ्यानं म्हणाला, 'अरेच्चा, ही तर आमची काळी उठली!'

डॉक्टर : मग?

मेव्हणा : मग काय, हशा. खालपासून वरपर्यंत. राजकुमारीसुद्धा हसली, बाई. घोड्याच्या गळ्यात तोंड खुपसून हसत होती, मला आतून कळत होतं. सगळा घोडा हलत होता.

दाजी : अडाणी माणूस! नाटकातलं काय कळतं त्याला?

डॉक्टर : नाटकातलं नसेल कळत. गाईतलं कळतं.

मेव्हणा : आणि मॅनेजर म्हणाले, शुक्रवारी मी स्वतः समोर बसतो. घोडा घोड्यासारखा उठला तर ठीक. नाहीतर व्यायामशाळेतली दोन पोरं सांगून ठेवलीत. घोडा तोच राहील, पाय नवीन बसवू.

दाजी : तुला हे सगळं सांगायची काही गरज होती का?

मेव्हणा : अहो, डॉक्टरपासून काय लपवायचं?

डॉक्टर : आता कळलं मला इतक्या तातडीनं का बोलावलं ते. मला म्हणाले, घोड्याला जरा चालायला शिकवा. मी औषधांची पेटी घेऊन आले! काढा ते डोकं. दोघंही बाहेर या. आधी घोडा म्हणजे काय ते समजून घेऊ.

दाजी : बाई, एकोणीस वर्षं मी घोडा आहे. मला घोडा समजावणार तुम्ही?

डॉक्टर : तुम्ही एकोणीस वर्षं अर्धा घोडा आहात. मी कॉलेजात तीस वर्षं अख्खा घोडा उलगडून दाखवतेय, कातडीपासून हाडापर्यंत. बसा. हे कापड इथे अंथरा, मी खडूनं काढते. हा खांदा. हा पाय. सांगा बघू, खांद्याचं हाड धडाला कुठे जोडलेलं असतं?

दाजी : कुठे म्हणजे? इथे, गळ्याखाली. आपल्यासारखं.

डॉक्टर : नाही. आपल्या गळ्याखाली आडवं हाड असतं ना, हाताला लागतं ते, ते घोड्याला नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत. नुसते स्नायू. दोन पायांच्या मधोमध छाती झोळीत ठेवल्यासारखी लटकलेली असते. एवढी मोठी उडी मारून घोडा पुढच्या पायांवर उतरतो तेव्हा तो दणका ती झोळी खाते.

मेव्हणा : म्हणजे दाजी झोळी.

दाजी : ऐकलंस? सगळा भार माझ्यावर!

डॉक्टर : खरं आहे. उभ्या घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. डोकं, मान, सगळं तिकडेच.

दाजी : लिहून द्या बाई हे. घरी भिंतीवर लावतो.

डॉक्टर : पण पळणं, उडी, लाथ, चढ चढणं, हा सगळा जोर मागून येतो. हे मागच्या मांड्यांचे स्नायू बघा, केवढे काढलेत मी. घोड्याचं इंजिन मागे असतं.

मेव्हणा : काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

डॉक्टर : इंजिन मागे असतं.

मेव्हणा : ऐकलंत दाजी? एकोणीस वर्षं शेपूट, शेपूट! मी इंजिन आहे!

दाजी : इंजिनाला तोंड नसतं. गप बस.

डॉक्टर : आणि हे खाली, गुडघ्याखाली. इथे मांस जवळजवळ नाहीच, नुसते दोर. सगळं वजनदार सामान वर ठेवलंय, म्हणून पाय खालून हलका, झटकन पुढे फेकता येतो. तुम्ही हा जो पुढचा गुडघा म्हणता तो गुडघा नाहीच, ते त्याचं मनगट आहे. आणि मागे जे उलटं वळलेलं दिसतं ती टाच.

मेव्हणा : म्हणजे घोडा जन्मभर चवड्यांवर चालतो?

डॉक्टर : चवड्यांवर कसला, एकेका बोटाच्या नखावर. बघा, जनावराचे पाय बघितले की त्याचा स्वभाव कळतो. घोडा भित्रा. त्याचं सगळं अंग पळून जायच्या तयारीत बनवलेलं. म्हणून उठतानासुद्धा तो आधी पुढचे दोन पाय समोर टाकतो, डोकं वर, कान वर. आधी बघायचं कोण आलंय ते. तोवर मागचे पाय पोटाखाली दुमडलेले. एक धक्का, की उभा आणि पसार. आधी पुढून, मग मागून. एवढंच करायचंय तुम्हाला.

दाजी : हात्तिच्या! एवढंच ना? करू की!

मेव्हणा : दाजी, जरा...

दाजी : जरा काय? आधी मी, मग तू. उलटं करायचं फक्त.

डॉक्टर : थांबा, मग खडूनं खुणा करते तुमच्या पायजम्यावर. जोर कुठून लावायचा ते कळेल. सरळ उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या.

दाजी : दिला.

डॉक्टर : डाव्यावर द्या.

दाजी : दिलाय की.

डॉक्टर : नाही दिलेला. कुणाला सांगताय? थांबा, टेप कुठाय माझी. उजवी मांडी... बरं. आता डावी. हं. घेरात दोन इंचांचा फरक आहे.

दाजी : जन्मापासूनच आहे.

डॉक्टर : जन्मापासून असता तर तुम्ही वेगळे चालला असता. हे वापरात नसलेलं मांस आहे. गुडघा दुखतो म्हणून पायावर भार टाकत नाही, भार टाकत नाही म्हणून मांडी सुकली. किती वर्षं झाली?

दाजी : काही दुखतबिखत नाही. थंडीत जरा कुरकुरतो. वयच आहे तसं.

डॉक्टर : तुम्ही इकडे या हो, इंजिन. बाही वर करा. उजवी. आता डावी... कमाल आहे. उजवा दंड बघा, खांदा बघा, आणि हा पाठीवरचा पट्टा! हा माणूस काहीतरी जड उजव्या हातानं उचलतो. रोज. खालून वर. काय उचलता?

मेव्हणा : पेट्या. नाटकाच्या पेट्या असतात ना, सामानाच्या.

डॉक्टर : पेटी दोन हातांनी उचलतात.

मेव्हणा : मी एका हातानं उचलतो. लहानपणापासूनची सवय.

डॉक्टर : माझ्या टेबलावर जी जनावरं येतात ती काही सांगत नाहीत, तरी मला कळतं कुठलं गाडी ओढत होतं आणि कुठलं दावणीला नुसतं उभं होतं. तुम्ही तर बोलता. तर खरं बोला.

दाजी : सांग की रे. काय उचलतोस?

मेव्हणा : तुम्हाला.

दाजी : काय?

मेव्हणा : तुम्हाला उचलतो, दाजी. उठायच्या वेळी. मी आधी उभा राहतो आणि तुमच्या कंबरपट्ट्याला धरून वर ओढतो. नाहीतर तुम्ही उठतच नाही. पहिल्या दिवशी तीनदा प्रयत्न केला होतात, आठवतंय? पाच वर्षांपूर्वी स्टेजच्या फळीवरून पाय घसरला होता, त्यानंतरचा पहिला दिवस.

दाजी : पण तू तर म्हणाला होतास, आधी मागून उठलं की परिणाम जास्त होतो! प्रेक्षकांना कळत नाही जिवंत आहे की मेला!

मेव्हणा : म्हणालो होतो.

दाजी : आणि मी ते मॅनेजरला माझी कल्पना म्हणून सांगितलं! पाच वर्षं सांगतोय!

मेव्हणा : ते मला माहीत आहे.

दाजी : म्हणजे पाच वर्षं तू मला पोत्यासारखा उचलतोयस, आणि मी... मला वाटायचं मी उठतोय!

मेव्हणा : उठताच की. मी फक्त सुरुवात करून देतो.

दाजी : लाज वाटली नाही तुला?

मेव्हणा : लाज कसली? ताईनं सांगितलं होतं.

दाजी : तुझ्या ताईला माहीत आहे?

मेव्हणा : तेल कोण चोळतं गुडघ्याला? ती म्हणाली, त्यांना घोड्याशिवाय दुसरं काही येत नाही. तू मागे आहेस, सांभाळून घे. पण कळू देऊ नकोस, घर डोक्यावर घेतील.

दाजी : मी घर डोक्यावर घेत नाही!

डॉक्टर : हळू बोला, बाहेर ऐकू जातंय.

दाजी : जाऊ दे ऐकू! सगळ्या गावाला माहीत असेल, मी सोडून! बोलवा ती व्यायामशाळेची पोरं. लावा त्यांना घोड्यात. मी घरी बसून... काय करू मी घरी बसून? सांगा ना. छप्पन्न वर्षांचा माणूस, नोकरी मागायला गेलो तर काय म्हणू? काय येतं? खिंकाळता येतं.

मेव्हणा : दाजी, असं नका हो बोलू.

डॉक्टर : मी बोलू का जरा? पाच वर्षांपूर्वी, तुमचा पाय चांगला होता तेव्हा, कसे उठायचे तुम्ही?

मेव्हणा : आधी दाजी. मग मी.

डॉक्टर : म्हणजे तेव्हा घोडाच होता. कुणी न शिकवता. बरं, मला सांगा, घोडा उभ्या उभ्या विसावा घेतो तेव्हा काय करतो?

दाजी : एक पाय सैल सोडतो. खुराचं टोक नुसतं टेकवून.

डॉक्टर : कुठला पाय?

दाजी : मागचा.

डॉक्टर : पुढचा?

दाजी : पुढचा नाही सोडत... पुढचा सैल सोडलेला मी कधी पाहिला नाही.

डॉक्टर : बरोबर. मागच्या पायाला तशी सोय आहे, गुडघ्याची वाटी आत अडकवून एका पायावर आरामात उभा राहतो. कंटाळा आला की पाय बदलतो. त्यात काही वावगं नाही, धडधाकट घोडा रोज तसाच उभा असतो. पण पुढचा पाय जर कुणी सारखा सैल सोडत असेल तर मालक मला फोन करतो. पुढचा सैल म्हणजे लंगडा घोडा. मागचा सैल म्हणजे निवांत घोडा.

मेव्हणा : म्हणजे दाजींचा डावा पाय मागे असता तर...

डॉक्टर : तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि पुढे चांगल्या गुडघ्यांचा माणूस असता तर तो आधी उठला असता, मागच्याला हाताचा आधार मिळाला असता. खऱ्या घोड्यात जोर मागून येतो, तुमच्यात पुढून येऊ दे. लोकांना आतलं काय दिसतंय? त्यांना आधी काय वर आलं तेवढंच दिसतं.

दाजी : कळलं. मी शेपटीत.

डॉक्टर : मी तसं म्हटलं नाही.

दाजी : तसंच म्हटलंत. आणि डोकं? ते कोण हलवणार? जबडा? कान? टाळ्यांच्या वेळी डोकं काढून वाकतो तो मी! लोक मला ओळखतात, बाजारात पोरं मला बघून खिंकाळतात! मागचा माणूस टाळ्यांच्या वेळी कुठे असतो?

मेव्हणा : आतच. चेन बाहेरच्या बाजूला आहे ना, मला उघडता येत नाही. तुम्ही कपडे बदलून आलात की उघडता.

दाजी : हो, म्हणजे... एखादे वेळी उशीर होतो मला.

मेव्हणा : असू दे हो. टाळ्या आतून चांगल्या ऐकू येतात.

डॉक्टर : मी जाऊन चहाचं बघू का?

दाजी : बसा तुम्ही. ए, इकडे ये. हे घे, डोकं. घाल.

मेव्हणा : दाजी, राहू दे.

दाजी : घाल म्हणतो ना! बघू तरी इंजिनाला तोंड आहे का ते. दोऱ्या हातात घे. डावीकडची कशाची?

मेव्हणा : उजव्या कानाची. मधे पीळ आहे.

दाजी : तुला कुणी सांगितलं?

मेव्हणा : एकोणीस वर्षं तुमच्या पाठीला कान लावून उभा आहे. कुठली दोरी कुरकुरली की काय हलतं ते ऐकूनच पाठ झालं.

दाजी : हं. घोडा घाबरलाय. दाखव.

डॉक्टर : वा! नुसतं डोकं वर नाही, आधी थिजला आणि मग डोकं वर. बरोबर आहे ते.

दाजी : बाई, तुम्ही मधे बोलू नका. आता राजकुमारी आलीय. ओळखीचा आवाज. दाखव... हं. मान जास्त झुकवलीस. घोडा आहे, नवरदेव नाही. पुन्हा. हं, एवढी पुरे. आता नुसता उभा राहा, शांत... अरे, तो एक कान मागे का फिरवलास? दोन्ही पुढे हवेत, प्रेक्षकांकडे.

मेव्हणा : घोडा ज्याची काळजी करतो तिकडे त्याचा कान असतो ना. मागे तुम्ही असणार.

(दाजी कान पुढे करायला हात उचलतात आणि तसाच खाली घेतात.)

डॉक्टर : कान बरोबर आहे, दाजी.

दाजी : ते मला दिसतंय. मला घोडा शिकवू नका. तो मागचा भाग द्या इकडे. कसा घालतात हा? आधी पाय की आधी डोकं?

मेव्हणा : आधी पाय. थांबा, मी धरतो. डावा सावकाश. हां. आता वाका आणि माझ्या पट्ट्याला धरा. घट्ट धरा, लाजू नका.

दाजी : लाजतोय कोण? बाई, चेन लावा.

डॉक्टर : लावली. झोपा आता दोघं. डावीवर नका, उजव्या कुशीवर झोपा, म्हणजे दुखरा गुडघा वर राहील. हं. राजकुमारी रडतेय. मी काही रडत नाही, समजून घ्या. पुढचे, डोकं उचला. पाय समोर टाका, एक... दोन. थांबा. बघा कोण आलंय ते. कान. आता छाती वर. हां! मागचे, घाई करू नका. पाय पोटाखाली घ्या. आता तो ओढेल, तुम्ही उजव्या पायानं ढकला. चला!

मेव्हणा : आलात का, दाजी?

दाजी : येतोय... येतोय... थांब जरा...

मेव्हणा : थांबलोय. घोडा थांबतो थोडा वेळ. नाही का हो, बाई?

डॉक्टर : थांबतो. हवा तेवढा थांबू दे.

दाजी : हं... आई गं! आलो! उभा आहे का मी?

डॉक्टर : उभे आहात. डावा पाय सैल सोडा. टोक टेकवा नुसतं. बस्स. हालू नका, मला बघू दे.

मेव्हणा : बाई? अहो बाई? गाय की काय?

डॉक्टर : घोडा. माझ्या दाराशी आला असता तर तपासलं असतं आणि म्हटलं असतं, काही झालेलं नाही ह्याला, घेऊन जा.

दाजी : अरे, इथे काही म्हणजे काही दिसत नाही!

मेव्हणा : नाही दिसत.

दाजी : आणि श्वास कुठून घ्यायचा? एकही भोक नाही?

मेव्हणा : नाही.

दाजी : इतक्या वर्षांत बोलला नाहीस कधी?

मेव्हणा : तुम्ही बोलत होतात ना.

दाजी : बाई, तुमच्याकडे कात्री असेल तर इथे पोटाशी एक भोक पाडा. आणि ती चेन उलटी शिवून घ्यायची, आतून उघडेल अशी. मॅनेजरला सांगा, घोड्याच्या तब्येतीसाठी लागतं म्हणून.

मेव्हणा : बघा! माझ्या वेळी नाही सुचलं हे!

दाजी : तुझ्या वेळचं आता काढू नकोस. चुकलं माझं. बास? पुन्हा झोपू या, शुक्रवारपर्यंत पन्नास वेळा उठायचंय.

मेव्हणा : झोपू. पण दाजी, घरी गेल्यावर ताई विचारेल, काय झालं म्हणून. जागा बदलली ते तुम्ही सांगणार की मी सांगू?

दाजी : तू सांग.

मेव्हणा : काय सांगू?

दाजी : सांग, घोडा उठला.